अस्त्रधर क्लास: स्किल लिस्टच्या नोंदी

७ जून २०२५

अस्त्रधर म्हणजे आमच्या डी अँड डीच्या टेबलासाठी मी बनवतेय तो नवा क्लास (पात्राचा पेशा), तलवार आणि मंत्र दोन्ही चालवणारा. त्याचा सांगाडा झाला, आता स्किल्स. जे ठरलंय ते आधी इथे टाकून ठेवते म्हणजे नंतर ग्रुपवर वर-खाली करत शोधायला नको. सिस्टीम ३.५, म्हणजे २००३ वाली डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, पात्र घेऊन फाशांवर खेळायचा खेळ), कारण आमचं टेबल तेच खेळतं आणि तिचा एसआरडी (मोफत मिळणारे मूळ नियम) सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहे. हिट डाय (जीव किती ते ठरवणारा फासा) डी८, म्हणजे आठ बाजूंचा, बीएबी (वार लागायचा मूळ बोनस) फायटरसारखा फुल, सेव्ह म्हणजे बचावाच्या रोलमध्ये फोर्ट (शरीराचा) आणि विल (मनाचा) चांगले, रिफ्लेक्स (चपळाईचा) कच्चा. मंत्र इंटेलिजन्सवर चालणार पण विझार्डसारखं रोज सकाळी पुस्तक उघडून तयारी नाही, जे येतात त्यातले हवे ते हवे तेव्हा, आणि पाचव्या लेव्हलच्या स्पेलच्या पुढे कधीच नाही. लाइट आर्मर घालून मंत्र म्हटला तर स्पेल फेल्युअर (चिलखतामुळे मंत्र फसणं) नाही, क्लासच्या पाचव्या लेव्हलला मीडियम आर्मरचंही फेल्युअर जातं.

मागणी माझ्या मावसभावाची. त्याचं म्हणणं, "ताई, फायटर घेतला की मंत्र नाहीत, विझार्ड घेतला की दोन फटक्यात आडवा, आणि दोन्ही मिक्स केले की दोन्ही अर्धवट." शेवटचा मुद्दा तर एकदम खरा आहे, ३.५ मध्ये फायटर-विझार्ड मल्टिक्लास केला की कास्टर लेव्हल (मंत्रांची ताकद ठरवणारी लेव्हल) मागे पडते आणि भरून येत नाही, आणि एल्ड्रिच नाइट (तलवार आणि मंत्र जोडणारा पुढचा क्लास) व्हायचं तर आधी तिसऱ्या लेव्हलचे स्पेल यायला लागतात, म्हणजे तोवर विझार्डच्या पाच लेव्हल काढा, तलवारीचं काय ते नंतर बघू. त्यामुळे पहिल्या लेव्हलपासून दोन्ही हातात असलेला वेगळा क्लासच करायचा असं ठरलं.

आमचं जग घरी बनवलेलं आहे, सह्याद्रीवरून घेतलेलं. खाली बंदरं, वर देश, मधे घाट, घाटाच्या तोंडाशी किल्ले. अस्त्रधर म्हणजे हे घाट राखणारी माणसं. नाणेघाटावरून सुचलं हे, सातवाहनांच्या काळातली वाट, वर कातळात कोरलेलं लेणं, आत ब्राह्मीतले लेख, आणि जकातीचा म्हणतात तो मोठा दगडी रांजण. तिथे उभं राहिलं की मनात येतंच, एवढ्या व्यापाराच्या वाटेवर पहारा कोण देत असेल, रात्री कोण जागत असेल. माझ्या जगात ते काम अस्त्रधरांचं.

म्हणून स्किल लिस्ट त्या कामातून निघाली पाहिजे हे माझं पक्कं मत आहे. हिट डाय आणि बीएबी वरून कळतं की हा माणूस लढाईत काय करतो. उरलेला दिवसभर तो काय करत होता, कुठे वाढला, कोणाकडे शिकला हे स्किल लिस्टवरून कळतं. खूप होमब्रू (घरी बनवलेले) क्लास बघितलेत ज्यात लिस्ट शेवटी घाईत फायटर आणि विझार्डची बेरीज करून चिकटवलेली असते. तसं करायचं नाहीये.

८ जून

आज फक्त हिशोब.

ज्यांनी ३.५ खेळलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. क्लास स्किल, म्हणजे क्लासच्या लिस्टमधलं, असेल तर एका पॉइंटला एक रँक (पायरी), आणि जास्तीत जास्त रँक म्हणजे लेव्हल अधिक तीन. लिस्टमध्ये नसेल तर ते क्रॉस-क्लास, एका रँकला दोन पॉइंट, आणि मर्यादा बरोबर निम्मी. म्हणजे दुप्पट पैसे देऊन अर्धा माल. पाथफाइंडरने (३.५ वरूनच निघालेला दुसरा खेळ) २००९ मध्ये हे सोपं केलं, तिथे लिस्टमध्ये असलं की फक्त +३ मिळतात, नसलं तरी रँक पूर्ण टाकता येतात. ३.५ मध्ये मात्र लिस्टमध्ये नाव नाही म्हणजे दार जवळजवळ बंदच, म्हणून इथे एकेका नावावर भांडायला अर्थ आहे.

आता पॉइंट. फायटरला दर लेव्हलला २ अधिक इंट (इंटेलिजन्सचा बोनस), विझार्डलाही २ अधिक इंट. पहिल्या लेव्हलला त्याच्या चौपट. समजा अस्त्रधरलाही २ दिले आणि भावाच्या कॅरेक्टरचं इंटेलिजन्स १४, म्हणजे +२. पहिल्या लेव्हलला १६, पुढे दर लेव्हलला ४, पाचव्या लेव्हलला एकूण ३२. पाचव्या लेव्हलला एका स्किलचे कमाल रँक ८. म्हणजे चार स्किल्स पूर्ण भरता येतात.

चार बरे वाटतात. पण त्यातलं एक कॉन्सन्ट्रेशन आधीच गेलं. समोर शत्रू उभा असताना मंत्र म्हटला की त्याला फुकटचा वार मिळतो, तो टाळायचा तर सांभाळून कास्ट करा, डीसी (फासा आणि बोनस मिळून गाठायचा आकडा) १५ अधिक स्पेल लेव्हल. विझार्ड मागे उभा असतो, त्याला हे क्वचित लागतं. अस्त्रधर सगळा वेळ पुढेच उभा आहे, त्याला प्रत्येक लढाईत, कधी कधी प्रत्येक टर्नला. आठ रँक आणि कॉन्स्टिट्यूशनचे +२ मिळून +१०, दुसऱ्या लेव्हलचा स्पेल म्हणजे डीसी १७, डी२० वर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर, ७ पाहिजे, ७० टक्के. रँक टाकलेच नाहीत तर १५ पाहिजे, ३० टक्के, म्हणजे दहातले सात स्पेल वाया. क्रॉस-क्लासने चार रँक घेतले तर ५० टक्के आणि त्याचेही पॉइंट आठच गेले. कॉन्सन्ट्रेशन न घेतलेला अस्त्रधर हा मंत्र विसरलेला फायटरच. म्हणजे पगार झाला की आधी हप्ता कापला जातो तसं हे स्किल आधीच कापलं जाणार आणि उरलेल्यात घर चालवायचं.

मग स्पेलक्राफ्ट, समोरचा कोणता मंत्र म्हणतोय ते ओळखायचं तर डीसी १५ अधिक स्पेल लेव्हल. घाटावर मंतरलेला माल पकडणाऱ्या माणसाला हे नसेल तर कसं चालेल. गेले दोन. उरले दोन आणि अख्खा घाट, कडे, व्यापारी, लेख सगळं त्या दोनात.

२ अधिक इंट पुरणार नाही असं दिसतंय. पण लगेच बदलत नाही, आधी बाकीच्यांनी काय केलंय ते बघते.

१० जून

तीन क्लास काढून बसले. २००६ च्या प्लेअर्स हँडबुक टू मधला डस्कब्लेड आपल्या सगळ्यात जवळचा, फुल बीएबी, डी८, इंटेलिजन्सवर मंत्र. २ अधिक इंटच, पण लिस्टमध्ये नॉलेज सगळी. ३.५ मध्ये नॉलेजचे दहा प्रकार आहेत, अर्काना म्हणजे जादूविद्येपासून राजघराण्यांपर्यंत, आणि प्रत्येक वेगळं स्किल, वेगळे पॉइंट. लिस्ट भरगच्च दिसते पण वापरणार कशाने? हे मला पटत नाही. पन्नास पदार्थांचं मेनूकार्ड हातात देऊन खिशात वडापावपुरते पैसे ठेवायचे यात प्लेअरचं काहीच भलं नाही.

हेक्सब्लेड २००३ चा, कम्प्लीट वॉरिअर मधला. त्याचे मंत्र करिष्म्यावर, म्हणून लिस्टमध्ये ब्लफ, डिप्लोमसी, इंटिमिडेट. ही लिस्ट मला आवडते कारण ती वाचली की माणूस डोळ्यासमोर येतो, गोड बोलणारा आणि मनात काळं असलेला. आपल्याला तो माणूस नकोय पण पद्धत हीच पाहिजे.

पाथफाइंडरचा मॅगस, २०११, अल्टिमेट मॅजिक. तिथे क्लाइंब, स्विम, राईड, इंटिमिडेट, यूज मॅजिक डिव्हाइस, आणि नॉलेज तीनच, अर्काना, डन्जनिअरिंग, प्लेन्स. निवडून दिलेत, ढीग नाही ओतलाय. आणि महत्त्वाचं म्हणजे कॉन्सन्ट्रेशन हे पाथफाइंडरमध्ये स्किलच नाही, कास्टर लेव्हल अधिक मंत्राच्या ॲबिलिटीचा मॉडिफायर, पॉइंट शून्य.

हे उचलावं का यावर संध्याकाळभर विचार केला. पॉइंट वाचतात पण तिथे डीसीही वेगळा आहे, १५ अधिक स्पेल लेव्हलच्या दुप्पट. पाचव्या लेव्हलला, इंट १६ धरलं तरी, +८ होतात आणि दुसऱ्या लेव्हलच्या स्पेलला डीसी १९, म्हणजे ११ पाहिजे, ५० टक्के. आपले ७० टक्के होते. शिवाय आमचे विझार्डवाले काका त्याच टेबलावर जुन्या नियमाने कॉन्सन्ट्रेशनला पॉइंट देतायत, त्यांच्या शेजारी बसून भावाला तेच फुकट देणं बरोबर नाही. एका टेबलावर एकच नियम. कॉन्सन्ट्रेशन स्किल राहणार.

मग पॉइंटच वाढवायचे. ४ अधिक इंट. फुल बीएबीला हे जास्त होतं का? बार्बेरियनला फुल बीएबी आणि ४ आहेत, रेंजरला फुल बीएबी आणि चक्क ६. मग घाटरक्षकाला ४ दिले तर काही आभाळ कोसळत नाही. इंट १४ ला सहा स्किल्स पूर्ण. कॉन्सन्ट्रेशन आणि स्पेलक्राफ्ट बाजूला काढले की चार मोकळी राहतात. आणि हे चार कोणते हे प्रत्येक प्लेअर वेगळं निवडू शकेल एवढी लिस्ट मोठी, पण सगळं घेता येणार नाही एवढी लहान. दहा-बारा नावं.

१२ जून

पहिला कच्चा खर्डा ग्रुपवर टाकला. क्लाइंब, कॉन्सन्ट्रेशन, क्राफ्ट, डिसायफर स्क्रिप्ट, इंटिमिडेट, जंप, नॉलेज अर्काना, नॉलेज हिस्टरी, प्रोफेशन, राईड, सेन्स मोटिव्ह, स्पेलक्राफ्ट, स्विम. टम्बल (कोलांट्या मारत वार चुकवणं) आणि यूज मॅजिक डिव्हाइसपुढे प्रश्नचिन्ह.

पाच मिनिटात रोगवालीचा मेसेज (आमच्या टेबलावर रोग क्लासला सगळे चोरच म्हणतात, तिला चोरबाई), "टम्बल दिलंस तर मी घरी बसते." काकांचा मेसेज रात्री, "अगं डिसायफर स्क्रिप्ट माझ्याकडे आहे ना, दोघांना कशाला?" भावाचा, "टम्बल पाहिजेच ताई प्लीज."

१५ जून

आज काकांकडे जमलो. खेळ कमी, चर्चा जास्त, आणि चांगली झाली.

टम्बलवर भावाचा मुद्दा असा की डीसी १५ ला शत्रूंच्या मधून अर्ध्या स्पीडने निघता येतं, कोणाचा फुकट वार बसत नाही, म्हणजे मागे सरकून मंत्र म्हणता येईल. चोरबाईचं म्हणणं की ते तिचं काम आहे, तिच्याकडे हिट पॉइंट नाहीत, जाड चिलखत नाही, फ्लँकिंगला (शत्रूला दोन बाजूंनी घेरायला) पोचायचं तर तिला तेवढं एकच साधन आहे. दोघांचंही बरोबर आहे म्हणून मी नियमाकडे गेले, आणि टम्बलच्या वर्णनातच उत्तर होतं. आर्मरमुळे किंवा ओझ्यामुळे स्पीड कमी झाला असेल तर टम्बल वापरताच येत नाही. आणि आपल्या क्लासचं पाचव्या लेव्हलचं बक्षीस काय, तर मीडियम आर्मर. ब्रेस्टप्लेट २०० सोन्याच्या नाण्यांना मिळतं, घातलं की माणसाचा स्पीड ३० वरून २०, आणि त्या दिवसापासून टम्बलमध्ये टाकलेले सगळे रँक मेले. मिथ्रिलचं घेतलं तर ते लाइट धरलं जातं, पण त्याला ४२०० लागतात, ते कधी मिळेल ते मिळेल. जो क्लास पाचव्या लेव्हलला स्वतःच एक स्किल मारतो त्याच्या लिस्टमध्ये ते स्किल ठेवणं म्हणजे प्लेअरला फसवणं. भावाला हे लगेच पटलं. तो म्हणाला, "मग मी जागेवर उभा राहूनच मंत्र म्हणणार", आणि मला तेच पाहिजे होतं, अस्त्रधर घाटाच्या तोंडाशी पाय रोवून उभा राहणारा माणूस आहे, कोलांट्या मारणारा नाही.

जंपचंही तसंच निघालं. स्पीड ३० पेक्षा १० ने कमी म्हणून −६, वर ब्रेस्टप्लेटची आर्मर चेक पेनल्टी −४, एकूण −१०. आणि पहिल्या लेव्हलचा जंप हा मंत्रच आहे जो थेट +१० देतो, पाचव्या कास्टर लेव्हलला +२०. ज्याला उड्या मारायच्यात त्याने मंत्र शिकावा. जंप काढलं.

यूज मॅजिक डिव्हाइस, वेळ फार घेतला नाही. क्युअर लाइट वूंड्सची कांडी ७५० ची, डीसी २०, प्रत्येकाला ती चालवायचा मोह होतो. पण आमच्याकडे चोरबाई ते करते आणि तिला त्यात मजा येते. बाहेर.

काकांचा डिसायफर स्क्रिप्टचा आक्षेप मात्र मान्य केला नाही. अस्त्रधराचं लहानपण कोरीव लेखांच्या लेण्यात गेलंय, तिथेच तो अक्षरं शिकला. त्याला जुनी लिपी वाचता येत नसेल तर आख्खी पार्श्वभूमी खोटी पडते. काकांना म्हटलं तुमच्याकडे पुस्तकांच्या लिप्या, याच्याकडे दगडावरच्या, कथेत मी दोघांना वेगवेगळं काम देईन. ते म्हणाले, "बरं, पण दगड जास्त ठेवू नकोस मग." ठीक.

२२ जून

खरी टेस्ट आज. पाचव्या लेव्हलचं कॅरेक्टर, स्ट्रेंग्थ १६, डेक्स्टॅरिटी १२, कॉन्स्टिट्यूशन १४, इंट १४, अंगात चेन शर्ट. मुद्दाम कड्याचा प्रसंग ठेवला कारण क्लाइंबवर माझा जीव आहे. कडा हरिहरवरून घेतला, त्र्यंबककडे ज्यांनी हरिहर चढलाय त्यांना कळेल, कातळात उभ्या कोरलेल्या पायऱ्या आणि हात धरायला खोबण्या. धरायला आणि उभं राहायला जागा आहे म्हणून डीसी १०, पाऊस चालू म्हणून निसरड्याचे +५, म्हणजे १५. वर शत्रूचा एक तिरंदाज, बाण लावून वाट बघत.

भाऊ पुढे, त्याच्या बाजूला खाली चोरबाई. भावाचे क्लाइंबचे ८ रँक, स्ट्रेंग्थचे ३, चेन शर्टचे −२, एकूण +९. दोन टर्न नीट चढला, तीस फुटांवर पोचला. चढताना डेक्स्टॅरिटीमुळे एसीला (बचावाच्या आकड्याला) मिळणारा बोनस जातो, तिरंदाज दिसतोय, म्हणून त्याने ठरवलं शील्ड (बचाव वाढवणारा मंत्र) म्हणायचा. आता नियम असा की चढायला दोन्ही हात लागतात पण एका हाताने भिंतीला लटकून दुसऱ्या हाताने होणारं काम करता येतं, मंत्रसुद्धा. तलवार म्यानात, डावा हात खोबणीत, उजव्या हाताने मुद्रा. तिरंदाजाने याच क्षणासाठी ॲक्शन रेडी ठेवलेली, बाण सुटला, लागला, ६ डॅमेज.

इथे दोन रोल एकापाठोपाठ. कॉन्सन्ट्रेशन, डीसी १० अधिक डॅमेज ६ अधिक स्पेल लेव्हल १, म्हणजे १७, त्याचे +१०, फासा ९, एकूण १९. मंत्र टिकला, शील्ड उभं राहिलं. मग क्लाइंब, कारण चढताना मार बसला की कड्याच्या डीसीला परत रोल आणि चुकला की सरळ खाली. फासा ४, एकूण १३. गेला. टेबलावर एकदम आरडाओरडा. चोरबाई म्हणाली "मी पकडते", बाजूचा पडत असेल तर पकडता येतं, टच अटॅक (नुसता हात लावायचा वार) बसला, मग तिचा क्लाइंब कड्याच्या डीसी अधिक १०, म्हणजे २५. तिचा फासा १९, एकूण २७! मग तिच्या शीटवर ओझ्याची मर्यादा बघितली, भावाचं कॅरेक्टर चिलखतासकट बसतंय का, आणि ते जेमतेम बसलं कारण त्याने चेन शर्टच घातला होता, ब्रेस्टप्लेट दोन-सव्वादोन किलो जास्त आहे, त्यात बसला नसता.

हे सगळं फक्त स्किल्सनी झालं. चोरबाईचा तो टच अटॅक सोडला तर एकही अटॅक रोल आमच्या बाजूने मारला गेला नव्हता आणि सगळे उभे राहून फासे बघत होते. क्लाइंब लिस्टमध्ये नसतं तर चारच रँक, एकूण +५, तीस फुटांपर्यंत पोचलाच नसता बहुतेक. दोन्ही रोल जमण्याची शक्यता ७० गुणिले ७५, म्हणजे अर्ध्याच्या थोडी वर. मला हा आकडा फार आवडला. अस्त्रधर हे करू शकतो, पण करताना छातीत धडधडलं पाहिजे.

आणि याच प्रसंगाने ४ अधिक इंटचं उत्तर दिलं. २ अधिक इंट असते तर याच कॅरेक्टरकडे कॉन्सन्ट्रेशन, स्पेलक्राफ्ट, क्लाइंब आणि अजून एक, संपलं. आता त्याच्याकडे राईड, डिसायफर स्क्रिप्ट आणि सेन्स मोटिव्हही आहे. ४ पक्के.

२५ जून

राईडची छोटी नोंद. चालत्या घोड्यावरून मंत्र म्हणायचा तर कॉन्सन्ट्रेशन डीसी १० अधिक स्पेल लेव्हल, दौडत्या घोड्यावरून १५ अधिक. गुडघ्यांनी घोडा हाकायला राईड डीसी ५, म्हणजे दोन्ही हात मोकळे. तीन ओळींचे नियम पण यातून घोडेस्वार अस्त्रधर तयार होतो, वेगळी फीट (खास कसब) लिहायची गरज नाही. राईड राहणार. स्विमला आर्मर पेनल्टी दुप्पट लागते, चेन शर्टला −४, तरी ठेवते, पावसाळ्यात घाटाखालच्या नद्या ओलांडाव्या लागतात आणि चिलखत काढून पोहणारा माणूसही अस्त्रधरच आहे.

इंटिमिडेट काढते आहे. लढाईत घाबरवायला आख्खी स्टँडर्ड ॲक्शन जाते आणि समोरचा एकच राउंड शेकन (बिचकलेला), फक्त −२. ज्याच्याकडे त्याच ॲक्शनमध्ये मंत्र किंवा वार आहे तो हे कधी करणार? लढाईबाहेर दरडावायला उपयोगी आहे हे मान्य. पण घाटावरचा माणूस हातात तलवार आणि बोटांवर ज्वाळा घेऊन उभा असताना लोक तसेही ऐकतात, त्याला मी परिस्थितीचा +२ देईन.

२९ जून

आज एक गोष्ट काकांनी दाखवली आणि ती फार महत्त्वाची आहे. आमच्या अस्त्रधराकडे स्पॉट नाही. पहारेकरी आहे आणि त्याला लांबचं दिसत नाही! हे ३.५ चं जुनं दुखणं, फायटरलाही स्पॉट आणि लिसन नाहीत. किल्ल्याच्या बुरुजावर फायटर उभा केला तर त्याची नजर साध्या गावकऱ्यापेक्षाही कच्ची ठरू शकते. पार्टीत रेंजर नाही, चोरबाईकडे स्पॉट आहे पण ती बहुतेक वेळा पुढे गेलेली असते.

लिस्टमध्ये जंप आणि इंटिमिडेट जाऊन जागा झाली आहेच. पण स्पॉट आणि सेन्स मोटिव्ह दोन्ही ठेवले तर विझडमवरची दोन्ही चांगली स्किल्स इंटेलिजन्सवाल्या क्लासकडे जातात आणि मग पुढे कोणी मंक किंवा रेंजर घेतला तर त्याला उरेल काय. एकच ठेवायचं म्हणते. जकात घेणाऱ्याला व्यापारी खोटं बोलतोय हे कळलं पाहिजे, पहारा देणाऱ्याला धुक्यातून येणारी टोळी दिसली पाहिजे. दोन्ही त्याचंच काम. भावाने सेन्स मोटिव्ह आधीच घेतलंय, त्याला स्पॉट पाहिजे का विचारलं तर म्हणाला, "दोन्ही दे की." अर्थातच.

६ जुलै

आज आषाढी, काका वारीच्या दर्शनाला गेलेत, बाकीचे जमलो, साबुदाण्याची खिचडी आणि दोन छोटे प्रसंग. एकच कॅरेक्टर दोनदा, एकदा सेन्स मोटिव्हसकट, एकदा त्याजागी स्पॉट.

पहिल्यात व्यापाऱ्यांचा तांडा, त्यातला एक खोटं बोलतोय. सेन्स मोटिव्ह विरुद्ध ब्लफ, भाऊ जिंकला. पण मजा अशी की तो हरला असता तरी तो पुढे स्पेलक्राफ्ट लावणारच होता, डिटेक्ट मॅजिक म्हणून गाठोडं तपासणारच होता, आणि चोरबाईने तोवर त्या माणसाला बोलण्यात गुंतवून अर्धं खरं काढून घेतलंच होतं. खोटं पकडायला टेबलाकडे चार वाटा आहेत.

दुसऱ्यात पहाटेची वेळ, दरड, वर लपलेली टोळी. इथे स्पॉट नसेल तर दुसरी वाटच नाही, थेट सरप्राइज राउंड, म्हणजे शत्रूला फुकटची पहिली चाल, आणि सगळी पार्टी बेसावध. विझडम १०, रँक ८, एकूण +८, दर दहा फुटांना −१, साठ फुटांवर +२ उरतात. टोळीच्या लपण्याविरुद्ध फासा १६ आला आणि त्याला एकट्याला दिसलं. सरप्राइज राउंडमध्ये पार्टीतर्फे एकटा अस्त्रधर हलला आणि त्याने काय केलं तर वाटेच्या मधोमध उभं राहून शील्ड म्हटलं. चोरबाई म्हणाली हा आता खरा पहारेकरी झाला.

स्पॉट आत, सेन्स मोटिव्ह बाहेर. भाऊ थोडा नाराज आहे, त्याला सांगितलंय की सेन्स मोटिव्ह क्रॉस-क्लासने घे, चार रँक पुरतात.

९ जुलै

अंतिम लिस्ट शीटवर चढवली. क्लाइंब, कॉन्सन्ट्रेशन, क्राफ्ट, डिसायफर स्क्रिप्ट, नॉलेज अर्काना, नॉलेज हिस्टरी, प्रोफेशन, राईड, स्पेलक्राफ्ट, स्पॉट, स्विम. पॉइंट ४ अधिक इंट, पहिल्या लेव्हलला चौपट. नॉलेज अर्कानाचे पाच रँक झाले की स्पेलक्राफ्टला +२ मिळतात, ही सिनर्जी भावाच्या लक्षात आली नव्हती, त्याच्या शीटवर पेन्सिलने लिहून दिली. नॉलेज जिऑग्राफीचा विचार केला होता, घाटवाटा माहीत असायला, पण ते प्रोफेशनमध्ये वाटाड्या म्हणून बसतं.

एक राहिलंय ते म्हणजे वरच्या लेव्हलचं कॉन्सन्ट्रेशन. पंधराव्या लेव्हलला १८ रँक आणि कॉन्स्टिट्यूशनचे २ धरले तरी +२०, चौथ्या लेव्हलचा स्पेल सांभाळून म्हणायला डीसी १९, म्हणजे फासा टाकायचीही गरज नाही. तिथून पुढे नवीन रँकचा उपयोग फक्त मार खाताना. वीस डॅमेजचा घाव बसला आणि तिसऱ्या लेव्हलचा स्पेल असेल तर डीसी ३३, तेव्हा एकेक रँक कामाला येतो. बाराव्या लेव्हलच्या आसपास भावाला विचारणार आहे की इथून पुढे पॉइंट कॉन्सन्ट्रेशनला द्यायचे का स्पॉटला, आणि त्याच्या उत्तरावरून पंधराव्या लेव्हलचं क्लास फीचर लिहीन. तोवर मंत्रांच्या यादीला हात घालते, स्पायडर क्लाइंब त्यात ठेवणार नाही एवढं नक्की आहे, कड्यावर हातानेच चढायचं.